झाडाची खालची फांदी

ड्रेस्डेन, जर्मनी
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. भाजणीची पिशवी फुटली नाही, लाडूही शाबूत आहेत. बाबांनी सुतळी इतकी आवळून बांधली होती की सोडवायला पंधरा मिनिटं लागली.

आज फोन केला नाही, कारण जे सांगायचंय ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. मुलं झोपलीत. इथे चार वाजताच अंधार पडतो, त्यामुळे रात्र फार मोठी वाटते. समोरच्या इमारतीत प्रत्येक खिडकीत लाकडी कमान आहे, तिच्यावर ओळीने दिवे. डोंगरातल्या खाणकामगारांची ही रीत. हिवाळ्यात ते अंधारात खाणीत उतरायचे आणि अंधारातच वर यायचे, म्हणून घरच्या खिडकीत उजेड, असं इथली माणसं सांगतात. सगळ्या खिडक्या कशा एकसारख्या, नेटक्या. मला दरवर्षी वाटायचं, आपलंही घर असंच दिसलं पाहिजे. आपण यांचा सण करतोय, तर कुणी नाव ठेवायला नको.

परवा शुक्रवारी नाताळचं झाड सजवलं. इथली जुनी रीत झाड २४ तारखेला उभं करायची, पण मुलांना कुठला धीर! आदल्या रविवारी आम्ही मिठाच्या पिठाचे आकार केले होते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि पाणी, घट्ट मळायचं, साच्याने कापायचं आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन-तीन तास वाळवायचं. दोरा ओवायला भोक आधीच पाडून ठेवावं लागतं. छकुलीने तारे केले. सोन्याने साच्याला हातच लावला नाही. त्याने एक मोदक केला, एक हत्ती केला आणि एक तुझा चष्मा. चष्म्याची एक काच मोठी, एक अगदी बारकी, आणि एका बाजूची काडी वाळताना तुटली. तुटली तरी त्याने तो रंगवला, निळा.

झाडावर टांगताना चार वर्षांच्या मुलाचा हात जिथे पोचतो तिथेच सगळं लागलं. चौदा वस्तू, सगळ्या खालच्या एकाच फांदीला. फांदी वाकून जमिनीला टेकली आणि वरचं झाड रिकामं. मी तेव्हा काही बोलले नाही. ‘छान झालंय’ म्हटलं.

५ तारखेच्या रात्री इथे मुलं आपले बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात. रात्री निकोलाउस नावाचा संत येतो आणि त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट भरून जातो. मुलं झोपल्यावर मी बूट भरले आणि मग झाडापाशी बसले. सगळे आकार काढले आणि माप घेतल्यासारखे वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर लावले. मोडका चष्मा मागच्या बाजूला, भिंतीकडे. तासभर लागला. मग उठून लांबून पाहिलं आणि मला खरंच बरं वाटलं, आई.

सकाळी सोन्या आधी बुटांकडे धावला. मग झाडाकडे बघून थांबला. बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “निकोलाउसला आमचं नाही आवडलं. त्याने सगळं बदललं.” हातात चॉकलेट होतं, पण त्याने ते उघडलं नाही. छकुली आठ वर्षांची आहे, तिला बूट कोण भरतं ते कळतं. ती काही म्हणाली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तिचं ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. तुला आठवतं का माहीत नाही. सांगलीच्या घरी, मी दुसरीत असताना, दिवाळीच्या पहाटे तू पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढली होतीस आणि कडेची दोन कमळं मला भरायला दिली होतीस. माझा गुलाबी रंग रेघेबाहेर गेला. अंघोळ करून आले तर कमळं पुसून नव्याने भरलेली. आत्या यायच्या होत्या, घाई होती, अंगणात बायका येऊन रांगोळी बघून जायच्या, हे सगळं आज मला समजतं. तुझी चूक काढायला हे लिहीत नाही, खरंच नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी रांगोळीला हात लावला नाही, आणि त्याचं कारण मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून मी सोन्यासमोर बसले आणि सांगितलं, “निकोलाउसने नाही, मी हलवलं. मला विचारायला हवं होतं तुला.” तो रडला. मग आम्ही तिघांनी सगळं परत खाली उतरवलं. कुठली वस्तू कुठे होती हे त्याला एकूण एक पाठ होतं! हत्ती मोदकाशेजारी, कारण हत्तीला मोदक हवा. चष्मा सगळ्यात पुढे.

गंमत बघ, यातली काही सजावट मुळात मुलांसाठीच सुरू झाली. इथे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं असतं ना, ते योहान हिन्रिश विखर्न नावाच्या पाद्र्याने हॅम्बुर्गला १८३९ साली आधी गाडीच्या जुन्या चाकावर केलं. त्याने सांभाळलेली गरीब मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, म्हणून दिवस मोजायला रोजची एक मेणबत्ती, रविवारची मोठी. आणि घरोघरी दिसणारा मोठा कागदी तारा इथून जवळच्या हेर्नहूट गावचा. धर्मप्रसाराला दूरदेशी गेलेल्या आईबापांची मुलं तिकडच्या वसतिगृहात राहायची. एकोणिसाव्या शतकात त्या वसतिगृहांत हे तारे पहिल्यांदा लागले, भूमितीच्या तासाला करायला घेतलेले. आईपासून लांब राहणाऱ्या पोरांनी कागद दुमडून केलेली वस्तू. हे कळल्यापासून तो तारा मला वेगळाच दिसायला लागलाय.

आज आम्ही तो जोडला. पंचवीस टोकं असतात, सतरा चौकोनी बुडाची आणि आठ त्रिकोणी. छोट्या पितळी पिनांनी एकेक टोक शेजारच्याला अडकवायचं. छकुलीने एक त्रिकोणी टोक भलत्या जागी लावलं, तिथे बोटभर फट राहिली आणि तिच्यातून दिव्याचा पट्टा छतावर पडतो. ती विचारत होती, काढू का परत. मी म्हटलं, तुला काढायचंय का? ती म्हणाली, नको. मग नाही काढलं. माझे हात शिवशिवत होते, ते खोटं कशाला सांगू. भांडी घासायला निघून गेले.

बाबांना सांग, पुढच्या दिवाळीला आकाशकंदिलासाठी बांबूच्या काड्या आणि पतंगी कागद पाठवा. तयार कंदील नको. कागद लाल आणि पिवळा, थोडा जास्तच पाठवा, फाटेल बराच.

पुढच्या रविवारी सोन्या तुला व्हिडिओवर चष्मा दाखवणार आहे. तो फोन जमिनीपाशी धरेल, तुला आधी फरशीच दिसेल. थांब जरा, घाई करू नकोस. आणि निळी फ्रेम तुला शोभते का, ते त्याला सांग, तो रोज विचारतोय.

बाबांना सा. न. तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी,
छकुली-सोन्याची आई