आईचे सात मार्क

संपादक महोदय,

भारत आनंदी देशांच्या यादीत १२६ वरून ११८ वर आला अशी बातमी २०२५ ला आली तेव्हा आमच्या बजाजनगरच्या कट्ट्यावर जोरदार वादावादी झाली, एक जण म्हणे लोकं सुखी झाले, दुसरा म्हणे कुठून बे, ४५ डिग्रीत विचारून पाहा. मी नंतर जरा वाचलं तर समजलं की त्या सर्वेत 'आनंदी आहात का' असं विचारतच नाहीत. शून्य ते दहा अशी शिडी डोळ्यासमोर आणा म्हणतात, वर तुमच्या मते सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट, तुम्ही कोणत्या पायरीवर? एका देशात साधारण हजार लोकं, अन् तीन वर्षांची सरासरी.

मग मी आईला विचारलं. वय ७८, गुडघे गेलेले. म्हणाली, सात. म्हटलं १९८५ ला नागपूरच्याच महाल भागात दोन खोल्या, अंगणात एकच नळ, तेव्हा किती? म्हणे, तेव्हाही सातच. मग म्हटलं चल, पुन्हा तसंच राहू. तर म्हणाली, "पागल झाला का तू?"

आता सांगा, सातातून सात गेले तर शून्य, म्हणजे चाळीस वर्षांत फरक पडलाच नाही का? माझ्या मते शिडीच लांब झाली. तेव्हा खसची ताटी लावलेला कूलर म्हणजे दहावी पायरी, आज एसी बंद पडला की घरभर चिडचिड. ईस्टरलिन नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७४ ला दाखवलं होतं की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उत्पन्न खूप वाढलं पण लोकांचा आनंद तेवढा वाढला नाही, अन् तेव्हापासून 'पैशानं सुख येत नाही' हे आपण पाठच करून बसलो. पण लोकांची मोजपट्टीच सरकली असेल तर? हे कोणी फारसं विचारत नाही.

सर्वे फालतू आहे असं मी म्हणत नाहीये. नोकरी गेलेला माणूस खरंच खालची पायरी सांगतो, आजारी माणूसही, आज कोण त्रासात आहे हे त्यातून बऱ्यापैकी कळते. अडचण आहे ती तीस-चाळीस वर्षांची तुलना करताना. 'तेव्हापेक्षा बरं का' असं सरळ विचारावं म्हटलं तर आठवणीचाही भरवसा नाही, आमच्या आईला महालातल्या नळावरची भांडणं आठवत नाहीत, फक्त गप्पा आठवतात (भांडणं मला आठवतात, बादली घेऊन मीच उभा असायचो).

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या मार्चमध्ये यादी आली की नंबरासोबत तो प्रश्नही छापा, अन् यादीत देश किती ते पण, कारण १२६ नंबर होता तेव्हा १४३ देश होते आणि ११८ झाला तेव्हा १४७.

आईला काल पुन्हा विचारलं. सहा म्हणाली. दुपारभर लाईट नव्हती.

एक वाचक, नागपूर