टी+१ दोन्हीकडे, अर्थ मात्र वेगळा

संपादक महोदय,

‘भारताचा शेअर बाजार चीनपेक्षा कार्यक्षम’ असे विधान हल्ली सर्रास वाचायला मिळते आणि पुरावा म्हणून निर्देशांकांच्या परताव्याचा आलेख जोडलेला असतो. निर्देशांक वर गेला म्हणजे बाजार कार्यक्षम झाला असे होत नाही. नवी माहिती भावात किती लवकर उतरते आणि कालच्या भावावरून उद्याचा ओळखता येतो का, हा खरा प्रश्न.

तो तपासायची रीत सोपी आहे. रोजच्या लॉग परताव्याचा (आजच्या भावाला कालच्या भावाने भागून घेतलेला लॉगॅरिदम) व्हेरियन्स, म्हणजे चढउताराचे माप, काढा, पाच दिवसांच्या परताव्याचा काढा आणि दुसऱ्याला पहिल्याच्या पाचपटीने भागा. उत्तर १ च्या आसपास आले तर भावात ओळखण्याजोगी चाल नाही. बरेच वर गेले तर आजची चाल उद्याही टिकते. ५०० दिवसांची खिडकी (एका वेळी मोजायचा काळ) पुढे सरकवत हेच केले की काळानुसार फरक दिसतो. इथवर एक्सेल पुरते. घोळ पुढे आहे.

शांघाय आणि शेन्झेनमध्ये डिसेंबर १९९६ पासून बहुतेक शेअरच्या भावाला दिवसाला १० टक्के चढउताराची मर्यादा आहे. १०० युआनचा शेअर एखाद्या बातमीने १३० चा व्हायचा असेल तर तो पहिल्या दिवशी ११०, दुसऱ्या दिवशी १२१ आणि तिसऱ्या दिवशी १३० होतो. सलग तीन दिवस एकच दिशा, म्हणून गणित ‘अकार्यक्षम’ ठरवते. पण ११० ला विकणाराच नसतो, मग फायदा घेणार कोण? नौपाड्यातल्या सब-ब्रोकरकडे पाच टक्क्यांच्या अपर सर्किटला (दिवसाच्या वरच्या मर्यादेला) अडकलेला स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपनीचा शेअर, पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तेवढ्याच अंतराला त्याला सहा सत्रे लागतात. निफ्टीतल्या शेअरमध्ये मात्र वायदे व्यवहार (पुढच्या तारखेचे सौदे) असल्याने त्यांचा १० टक्क्यांचा पट्टा त्याच दिवशी सैल होतो. त्यामुळे निफ्टी ५० आणि चीनचा सीएसआय ३०० हे निर्देशांक शेजारी ठेवले की तराजू आधीच कललेला असतो.

टी+१ चेही, म्हणजे ‘व्यवहाराचा दिवस अधिक एक’ या नियमाचेही, तसेच. आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण लागू झाले, पण ते फक्त सेटलमेंटपुरते, म्हणजे पैसे आणि शेअर हाती पडण्यापुरते. सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकता येतो. चीनमध्ये १९९५ पासून टी+१ म्हणजे आज घेतलेला शेअर आज विकायचाच नाही. दुपारी वाईट बातमी आली तरी सकाळचा खरेदीदार हात बांधून बसतो आणि त्याची विक्री दुसऱ्या सकाळच्या भावात उतरते.

खिडकी कुठे तुटते हेही पाहायला हवे. आपल्याकडे जुलै २००१ मध्ये बदला (सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलण्याची पद्धत) बंद झाला, एप्रिल २००३ मध्ये टी+२, म्हणजे दोन दिवसांत सेटलमेंट, आले. त्याआधीची आकडेवारी वेगळ्याच बाजाराची आहे. चीनमध्ये शॉर्ट सेलिंग (उसने शेअर विकणे) आणि निर्देशांक वायदे आले २०१० मध्ये. जुलै २०१५ च्या पडझडीत निम्म्याहून अधिक कंपन्यांचे व्यवहार थांबले होते. निर्देशांकात त्यांचे शिळे भाव तसेच राहिले आणि पुढे सावकाश हलले. जानेवारी २०१६ चा सर्किट ब्रेकर तर चार सत्रांतच गुंडाळला. ५ टक्के घसरणीला १५ मिनिटांची विश्रांती, ७ टक्क्यांना दिवस बंद. मधल्या दोन टक्क्यांत अडकायला नको म्हणून जो तो विकायला धावला. ७ तारखेला बाजार अर्ध्या तासात बंद!

असे आलेख छापताना खिडकी किती दिवसांची आणि त्या काळात कोणते नियम कधी बदलले, एवढे दोन ओळींत खाली द्यावे, ही विनंती.

— अर्थशास्त्राचे दोन अध्यापक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)