मानेतल्या गाठीला सुई लावण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मानेतली रक्तवाहिन्यांची दुर्मीळ गाठ काढल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. शस्त्रक्रिया किती तास चालली, गाठ केवढी होती, हे त्यांत हमखास असते. ती गाठ कशाची आहे हे ओळखले कसे, याला मात्र जेमतेम एक ओळ मिळते. मी निवृत्त शल्यचिकित्सक आहे आणि माझ्या मते खरे कौशल्य त्या ओळीत असते.

मानेत गाठ दिसली की सुई घालून नमुना घ्यायचा, हा शिरस्ता थायरॉइडच्या गाठीला ठीक. आत रक्तवाहिन्यांचे जाळे असेल तर सुईत नुसते रक्त येते, निदान काही होत नाही; आणि तुकडा काढायला गेले तर रक्तस्राव आवरता आवरत नाही. त्याआधी हात आणि कान वापरले तरी पुष्कळ कळते. रुग्णाला वाकायला किंवा कुंथायला सांगावे. नीलांची, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांची, विकृती (जन्मजात बिघडलेली रचना) असेल तर गाठ फुगते, दाबली की बसते, सोडली की हळूहळू भरते. हाताला थरथर लागली, स्टेथोस्कोपमधून सूं-सूं ऐकू आली, तर धमनीचे रक्त थेट नीलेत शिरत असल्याचा संशय घ्यावा. लहान मुलांच्या मानेतली लसिकेची (लिम्फ या पातळ द्रवाची) मोठी पिशवी टॉर्चच्या उजेडात उजळते. मग रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी, आणि पसारा किती खोल आहे हे पाहायला एमआरआय.

जन्मानंतर काही आठवड्यांत झपाट्याने वाढून पुढे आपोआप ओसरणारा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ) वेगळा आणि जन्मजात, कधीच न विरणारी विकृती वेगळी, हे मलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी 1982 सालीच मांडले. तरी अजून केसपेपरवर सरसकट ‘हिमँजिओमा’ लिहिले जाते, आणि ‘मोठेपणी जाईल’ या भरवशावर आईवडील थांबतात. विकृती जात नाही; वयात येताना किंवा गरोदरपणात उलट उसळते.

उपचारातली सर्वांत घातक चूक म्हणजे धमनी-नीला विकृतीत रक्त पुरवणारी बाह्य कॅरोटिड धमनी (मानेतून चेहऱ्याकडे जाणारी) बांधून टाकणे. मुख्य पाट अडवला तरी पाणी आजूबाजूच्या चाऱ्यांनी शेतात शिरतेच, तशा शेजारच्या वाहिन्या मोठ्या होऊन गाठ पोसतात. शिवाय कॅथेटर (बारीक नळी) आत नेण्याची वाटही बंद होते. खरी पद्धत म्हणजे आधी वाहिन्यांचे जाळे दाखवणारी अँजिओग्राफी, मग आतून वाहिन्या बुजवणारे एम्बोलायझेशन आणि एक-दोन दिवसांत विकृतीचा गाभा पूर्ण काढणे. ओठाचा कोपरा, जीभ, खांदा आणि आवाज यांच्या नसा तिथूनच जातात. त्या वाचवताना गाभ्याचा काही भाग राहिला, तर गाठ पुन्हा वाढू शकते.

आणि प्रत्येक गाठ कापायची नसतेच. नीलांच्या व लसिकेच्या बऱ्याच विकृतींना औषध टोचून आकसवता येते, पसरलेल्या काहींना सिरोलिमस हे औषध लागू पडते. बाळाच्या श्वासाची वाट दाबली जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबायला वेळ नसतो.

पुढच्या वेळी अशी बातमी छापताना वार्ताहरांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: निदान कोणत्या तपासणीने झाले, आणि रुग्णाला पुढे किती वर्षे तपासत राहणार?

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक