सांबर म्हणजे धान्याचं पोतं नव्हे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तू रचतेयस त्या संगणकावरच्या खेळाचा नकाशा पाहिला. गड, घाट, बाजारपेठा झकास. पण रानातलं सांबर म्हणजे पाय फुटलेलं धान्याचं पोतं झालंय: मारलं की दहा फेऱ्यांनी नवं हजर! घड्याळावर उगवणारी शिकार संपतच नाही, मग खेळाडूनं रान राखायचं कशाला?

वाढ कळपावर अवलंबून ठेव. नकाशाच्या प्रत्येक चौकटीत दोन आकडे हवेत: आत्ताची सांबरं आणि ती चौकट पोसू शकेल तो कमाल आकडा, समज ४०. फेरीची वाढ = ०.२ × संख्या × (१ − संख्या ÷ ४०). सर्वांत जास्त वाढ २० सांबरांवर, तीही फेरीला दोनच. आता ४० पासून, आधी वाढ मग शिकार अशा क्रमानं, दर फेरीला ३ मारून बघ. बाराव्या फेरीअखेर २१ उरतात, खेळाडू निर्धास्त असतो; सत्ताविसाव्या फेरीत कळप खलास. म्हणून संख्या निम्म्यावर आली की पाणवठ्यावरचे ठसे विरळ दाखव. इशारा नसला तर शिव्या तुलाच.

त्याहून बरं म्हणजे शिकार हिश्श्यानं मोज: एक शिकारी कळपाचे ३ टक्के नेतो. दोघांवर कळप २७ च्या आसपास स्थिरावतो, पाचांवर जेमतेम ५ उरतात, सहा लावले की संपलाच.

गणितात तीन खड्डे आहेत. पूर्णांक ठेवलेस तर ४ सांबरांची ०.७२ वाढ दर वेळी शून्य होते आणि कळप गोठतो. अपूर्णांक साठव, दाखवताना पूर्ण कर. पण मग ०.३ सांबरापासूनही कळप उभा राहतो, तेव्हा २ च्या खाली गेलं की शून्य. शेजारच्या चौकटीत स्थलांतर करताना फेरीच्या सुरुवातीच्या नकाशाची प्रत ठेव आणि आकडे तिच्यावरूनच वाच, नाहीतर एकच कळप एका फेरीत कोकणातून देशावर पोचतो.

चाऱ्यालाही स्वतंत्र आकडा दे. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडिअर सोडले. १९६३ ला ते सुमारे ६,००० झाले, चारा ओरबाडून संपला, त्यात कडक हिवाळा आला, १९६६ ला ४२ उरले. तुझ्या खेळात वाघ मारले की सांबरं बेसुमार वाढून हेच व्हायला हवं.

लाकडात सागवान आणि आंबा-फणस एकत्र करू नकोस. रामचंद्रपंत अमात्यांच्या राज्यनीतीवरच्या आज्ञापत्रात आंबा-फणसाचं लाकूड आरमाराच्या कामाचं असूनही त्याला हात लावायची मनाई आहे, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. तेव्हा राई तोडली तर लाकूड लगेच मिळू दे, पण त्या गावाची निष्ठा घसरू दे. लोखंडाला मात्र वाढ नकोच.

आधी एकच चौकट घे, ५ सांबरं, शिकारी नाही, शंभर फेऱ्या. आकडा ४० वर टेकेपर्यंत नकाशाला हात लावू नकोस.

तुझे बाबा