ट्यूब नाकारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

नमस्कार.

आमच्या कबरी गाईच्या मागच्या डाव्या सडात अँटिबायोटिकची आणखी एक ट्यूब सोडायला तुम्ही नकार दिलात, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहिते आहे. बाकीच्या गोठेवाल्यांनाही वाचता यावं म्हणून उघड लिहिते. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही.

गाईला दगडी, म्हणजे कासेचा मस्टायटिस, झाली की आमच्या फलटण भागात उपाय ठरलेला असतो. सडात ट्यूब, मानेत इंजेक्शन, वरून कोरफड-हळद-चुन्याचा लेप. कबरीला हे सगळं झालं होतं आणि दर वेळी गुण आला होता, पंचाईत तिथेच होती. सूज उतरायची, गुठळ्या जायच्या, दूध पांढरंशुभ्र व्हायचं. मग काही दिवसांनी संकलनावर एसएनएफ, म्हणजे दुधातला स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग, 8.5 टक्क्यांना टेकेनासं व्हायचं, आणि महिना सरायच्या आत कास पुन्हा दगड. यांचं म्हणणं, औषध हलकं पडतंय, भारीतलं आणू. तुम्हाला बोलावलं ते त्या भारी औषधासाठीच.

तुम्ही मात्र आल्या आल्या गाईकडे न जाता मिल्किंग मशीनपाशी बसलात. कपातून रबरी लायनर ओढून काढलं, उलटं केलं आणि आतून बोट फिरवून ते बोट आत्यांच्या बोटांना लावलंत. बुळबुळीत. मशीन रोज धुतलं जात होतं, दिसायला लख्ख होतं, तरी रबराच्या बारीक चिरांत तो थर बसलेला. पाण्याच्या हौदाला आतून हात लावला की जे हाताला लागतं तेच हे, असं तुम्ही सांगितलंत, आणि कबरीच्या कासेतही हेच बसलंय म्हणालात. आत्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

आत्यांवरून आठवलं. दूध जरा मचूळ लागतंय, असं त्या फार आधीपासून म्हणत होत्या आणि घरात कुणी मनावर घेत नव्हतं. तुम्ही घेतलंत. कास दुखावली की दुधातली साखर कमी होते आणि रक्तातलं मीठ दुधात झिरपतं, म्हणजे आत्यांची जीभ बरोबर होती, हे तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. त्या दिवसापासून आत्या तुम्हाला ‘आपली डॉक्टरीण’ म्हणतात.

मग तुम्ही चार वाट्यांचं ते पॅडल काढलंत आणि एकूण एक गाईच्या चारही सडांचं दूध तपासलंत. निम्मं दूध, निम्मं सीएमटीचं (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचं) औषध, हात गोल फिरवायचा. 1957 साली कॅलिफोर्नियात निघालेली ही परीक्षा इतकी स्वस्त आणि सोपी आहे, तरी आमच्या आळीत ती कुणी पाहिलेली नव्हती. औषध साबणाच्या जातीचं. ते दुधातल्या पांढऱ्या पेशी फोडतं, त्यांच्यातला डीएनए सुटतो आणि दूध शेंबडासारखं घट्ट होतं. निरोगी सडाच्या एका मिलिलिटर दुधात अशा पेशी लाखाच्या आत असतात, दोन लाखांवर गेल्या की आत काहीतरी चाललंय समजायचं. कबरीच्या त्या सडाचं घट्ट होणार हे ठरलेलंच होतं. पण जिच्या कासेला कधी सूज नाही, दुधात कधी गुठळी नाही, त्या सोनीचंही दोन वाट्यांत घट्ट झालं. गोठ्यातला खरा रोग तिथे निघाला.

नमुना घेताना तुमची शिस्त पाहिली. पहिल्या धारा टाकून दिल्या, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, निर्जंतुक नळी तिरपी धरली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवली. अहवाल आला. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस, आणि खाली लिहिलेलं, अमुक अँटिबायोटिक लागू पडतं. हे तर तेच औषध होतं जे कबरीला आधी दिलं होतं! यांनी लगेच कागद तुमच्यापुढे धरला, की बघा मॅडम, लागू पडतंय म्हणतात. त्यावर तुम्ही जे समजावलंत ते मला इथे नीट लिहून ठेवायचं आहे.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत जंतू मोकळे असतात, भरभर वाढत असतात, औषध त्यांना सरळ गाठतं. कासेत ते दूधनलिकेच्या अस्तराला चिकटतात आणि स्वतःभोवती साखर, प्रथिनं, मेलेल्या भाऊबंदांचा डीएनए यांचा लगदा करून त्यात दडून बसतात. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळणाऱ्या, पण हा लगदा त्यांच्याने गिळवत नाही. औषध आत पोचेपर्यंत पातळ होतं. आणि खोल तळातल्या जंतूंना अन्न कमी, म्हणून ते वाढायचंच थांबतात. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतू नवी भिंत बांधत असताना त्याला मारतात. जो बांधतच नाही त्याला काय मारणार? अशा वस्तीतला जंतू मोकळ्या जंतूपेक्षा दहापट ते हजारपट औषध सोसतो. गाईला तेवढा डोस देताच येत नाही. पेनिसिलिन नवं होतं तेव्हाच, 1944 साली, डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी हे झोपलेले जंतू हेरले होते. औषधातून वाचलेल्या मूठभरांची पुढची पिढी त्याच औषधाने पुन्हा मरत होती, म्हणजे ते जंतू काही औषधाला सरावलेले नव्हते, नुसते निपचित पडून होते.

मला त्याहून आवडली ती लेव्हेनहुक यांची गोष्ट. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा हा कापडाचा व्यापारी स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून भिंगाखाली बघत बसायचा. त्यात वळवळणारे जीव दिसले. व्हिनेगरने चूळ भरून पाहिली, तर बाहेरचे मेले आणि किटणाच्या आतले तसेच राहिले. आमच्या कबरीची सगळी केस त्या चुळीत आली, नाही का? ट्यूब सोडली की बाहेरचे मरत होते, दूध पांढरं होत होतं, आणि आतले पुन्हा पसरत होते. त्यातून हा ऑरियस कासेच्या पेशींतही शिरतो, बारीक गळवं करतो, भोवती घट्ट वण धरतो. जुनी गाय, जुना रोग, हाताला दगड लागणारा सड, अशा ठिकाणी दुभत्या काळातली ट्यूब बहुतेक वायाच जाते, हे तुम्ही पैसे न घेता सांगितलंत. ट्यूब सोडून बिल लावणं तुम्हाला जास्त सोपं होतं.

कबरीचं काय करायचं यावर मात्र तुमचं आणि यांचं वाजलं. इंग्लंडात 1960 च्या दशकात दगडीवर पाच कलमी कार्यक्रम ठरला, त्यातलं एक कलम म्हणजे बरी न होणारी गाय कळपातून काढा. तिकडे ते लिहायला सोपं. आपल्याकडे गोवंश हत्याबंदी, त्यामुळे काढायची म्हणजे बाजारात उभी करायची, आणि तिच्याबरोबर जंतूही दुसऱ्याच्या दावणीला पाठवायचे. तुम्ही यांना एवढंच विचारलंत, घेणाऱ्याला सांगून विकणार का? हे गप्प झाले. मग मधला रस्ता निघाला. तो सड कायमचा आटवायचा, कबरीची धार सगळ्यांच्या शेवटी काढायची, आणि दुखऱ्या सडाचं दूध वासरालाही पाजायचं नाही. सोनीला दुभत्यात न छेडता आटवतानाच लांब मुदतीची ट्यूब द्यायची, कारण भाकड काळात औषध कासेत टिकतं आणि गुण येण्याची शक्यता जास्त असते.

ते सगळं पाळतोय. सोनी व्याली, चीक संपल्यावर पॅडलवर तपासली, चारही वाट्या पातळ. कबरी तीन सडांवर आहे आणि कमी देते, पण देते. धार झाल्यावर प्रत्येक सड आयोडीनमध्ये बुडवतो आणि लगेच पुढ्यात मुरघास टाकतो, कारण सडाचं तोंड मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ गाय बसता कामा नये. मशीन आधी कोमट पाण्याने, मग कडक गरम पाण्यात क्षाराच्या पावडरने, आणि दूधखडा धरू नये म्हणून आठवड्याला ॲसिडने. पहिलंच पाणी उकळतं घेतलं तर दुधातली प्रथिनं रबरावर शिजून बसतात, हे आता आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. लायनरचा हिशोब यांनी भिंतीवर लिहिला आहे. रबरी लायनर साधारण 2500 धारांचं. दहा गाईंना एकच युनिट, दोन वेळा म्हणजे दिवसाला वीस, म्हणजे चार महिन्यांत बदलायचं. दुकानदार अजून म्हणतो, वर्षभर चालतं. चालतं म्हणजे फाटत नाही, एवढंच.

एक विचारायचं राहिलं. सोनीची कालवड आता गाभण आहे. पहिलारू कालवडींच्या सडातही आधीपासून जंतू असू शकतात, असं तुम्ही ओझरतं बोलला होता. तिला व्यायच्या आधी काही बघावं लागेल का? सवड झाली की या. येताना सीएमटीच्या औषधाची बाटली आणा, आमची शेजारच्या तीन गोठ्यांत फिरून संपत आली आहे. या वेळी तिचे पैसे घ्यायचे, नको म्हणायचं नाही.

तुमची,
कबरीची मालकीण