कमाटीबागेतल्या सकाळींसाठी, काकूंना

ती. स्व. काकूंना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही 'पुरे गं, चहा टाक' म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

पाळणाघर म्हणजे मुलांना भरवायचं आणि झोपवायचं, असं लोकांना वाटतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या दोन खोल्यांत दिवसभर बसून पाहा म्हणावं. एक रडलं की दुसरं सूर लावतं, तिसरं तेवढ्यात पाण्याची बाटली उपडी करतं. संध्याकाळी स्वतःच्या लेकाशी दोन शब्द बोलायचं त्राण माझ्यात उरत नसे. तुमचा सगळा जन्म बालवाडीत गेलेला, पण तुम्ही उपदेश केला नाहीत. "उद्या पोरांना घेऊन कमाटीबागेत चल, मी येते," एवढंच म्हणालात. रिक्षाचं भाडंही तुम्हीच दिलंत, हे इथे मुद्दाम लिहिते.

मला धास्ती होती ती विश्वामित्री नदीतल्या मगरींची. तुम्ही नदीपासून चांगलं लांब, वडाखाली सतरंजी अंथरलीत आणि मुलांना हद्द आखून दिलीत: शेवटच्या पारंबीपलीकडे जायचं नाही. खेळणी आणूच दिली नव्हतीत. आमचा तो चावरा पठ्ठ्या शिरीषाची वाळकी शेंग कानाशी धरून कितीतरी वेळ वाजवत बसला. मग ती फोडून एकेक बी मांडीवर मांडली. एक नाकात जायच्या बेतात होती, ती तुम्ही शिताफीनं काढून घेतलीत!

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की घरातली निम्मी भांडणं वस्तूंवरून होतात. गाडी एक आणि हात चार. झाडाखाली पानं, काड्या, शेंगा सगळ्यांना पुरून उरतात. ओरडलं तरी कुणाच्या कानठळ्या बसत नाहीत. त्यामुळे 'नको', 'सोड', 'हळू' हे माझं दिवसभराचं पालुपद बंद पडलं आणि कामाच्या वेळात मी चक्क टेकून बसले.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं, की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी. आमच्या खोल्यांत ती कुठे करायची? बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं धूसर दिसून चष्मा लागायचा धोका कमी होतो, हेही आता डॉक्टर सांगतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि बालवाडी मुलांच्या अंगणातच नेली, ते तुमच्याकडूनच ऐकलं. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये ही बाग उभी केली नसती, तर आम्ही पोरांना घेऊन कुठे गेलो असतो कोण जाणे.

पालकांना रविवारी बोलवायची कल्पनाही तुमचीच. पूर्वी दारात बोलणं व्हायचं ते खरचटलं कसं आणि डबा का उरला, एवढंच. आता मकरपुऱ्यातली रात्रपाळी संपवून एक बाबा थेट बागेत येतात आणि लेकीला पोटावर घेऊन सतरंजीवर आडवे होतात. एक गुजराती आई डबाभर खाखरे आणते. तीच एकदा शेंगा वेचता वेचता म्हणाली, "बेन, बाळ झाल्यापासून मी नीट झोपलेच नाही." दारात, स्कूटर चालू ठेवून, ती हे कधीच बोलली नसती. शेजारच्या दुसऱ्या आईनं तिथल्या तिथे सांगितलं, बुधवारी संध्याकाळी तुझा मुलगा माझ्याकडे. मी फक्त खाखरा खात होते.

पावसाळ्यात नदी फुगली, बागेत जाता येईना, तर तुम्ही वाड्याच्या चौकात मातीची परात मांडलीत. मालकीणबाईंची बोलणीही तुम्हीच खाल्लीत.

हल्ली गुडघ्यांमुळे तुम्हाला खाली बसवत नाही. पालकांनी वर्गणी काढून घडीची खुर्ची घेतली आहे. रविवारी सकाळी साडेसातला रिक्षा दाराशी येईल. ऊन चढायच्या आत परत पोचवू.

तुमची,
पाळणाघरवाली