डोंगर पेटवण्यापेक्षा गायरानाला खत द्या

मा. संपादक,
स. न.

शिमगा जवळ आला की सह्याद्रीच्या पूर्व उतारांवर रात्री वणव्याच्या माळा दिसू लागतात. जाळले की नवे गवत फुटते, असा समज त्यामागे आहे आणि जळलेल्या जागी काही दिवसांत हिरवे कोंब दिसतातही. पण ते कोंब राखेवर पोसलेले नसतात. पावसाळ्यात मुळांनी साठवलेले अन्न तेव्हा खर्ची पडते, आणि कोंब बोटभर होताच गुरे ते खुडतात. दर वर्षी हेच झाले की पवना, मारवेल ही कसदार गवते मागे पडतात आणि आगीला न जुमानणारी कुसळी माजते. तिची कुसळे गुरांच्या तोंडात, डोळ्यांत रुततात. मग ती नकोत म्हणून पुन्हा आग.

एकरी 800 किलो वाळलेले गवत धरले, तर त्यात साधारण 4 किलो नत्र असते, म्हणजे जवळपास 9 किलो युरियाइतके. जाळल्यावर त्यातले बहुतेक नत्र आणि गंधक धुराबरोबर जाते. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात, पण उघड्या उतारावरची राख वळवाच्या पहिल्या सरीत ओढ्याला मिळते.

त्याऐवजी मृगाच्या पावसात एकरी सिंगल सुपर फॉस्फेटची 50 किलोची एक गोणी फेकावी. त्यातून 8 किलो स्फुरद मिळते, शिवाय गंधकही. युरिया एकरी 35 किलो पुरतो: निम्मा गवत वीतभर झाल्यावर, निम्मा ऑगस्टच्या सुरुवातीला. कमी पावसाच्या माळावर पहिलाच हप्ता द्यावा. स्टायलोसारखे द्विदल चारापीक पेरले असेल, तर युरिया कमी करावा, सुपर फॉस्फेट मात्र टाळू नये. खताआधी तरोटा फुलण्यापूर्वी उपटावा आणि घाणेरी मुळासकट खणावी, नाहीतर खत त्यांनाच लागते.

युरिया वाया जातो तो दोन कारणांनी. कोरड्या, चुनखडीच्या काळ्या जमिनीवर पडला की अमोनिया होऊन उडतो. मुसळधार पावसाच्या तोंडावर उतारावर फेकला, तर वाहून जातो. जमीन ओली, गवताची पाती कोरडी आणि टाकल्यानंतर भुरभुर पाऊस, अशी वेळ साधावी. नंतर तीन आठवडे गुरे सोडू नयेत. रिकाम्या गोण्या आणि सांडलेला युरिया तिथल्या तिथे उचलावा. गाय तो मिठासारखा चाटते. पोट फुगते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते आणि तास-दोन तासांत जनावर दगावू शकते.

हे सगळे गायरान आणि खासगी कुरणांपुरते. कासच्या पठारासारख्या सड्यांवर खताचा दाणाही पडू नये. तिथल्या सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती नापीक मातीतच टिकतात. खत दिले की उंच गवत त्यांना झाकून टाकेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापणी. खत देऊन गवत उभेच ठेवले, तर वणवा आधीपेक्षा मोठा होतो. निम्मे गवत फुलोऱ्यात आले की, बहुधा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावे. तेव्हा त्यात 6-7 टक्के प्रथिने असतात. बी गळून वाळल्यावर जेमतेम 3 टक्के उरतात. तीन-चार दिवस उलटत-पालटत वाळवावे. मूठभर गवत पिळून पाहावे: काडी कडकन मोडली तर गंजी रचायला हरकत नाही, ओल जाणवली तर आणखी एक ऊन द्यावे. ओली गंजी आतून तापते, बुरसते, कधी पेटतेही.

गायरानाचे चार भाग करून कापणीचे पट्टे ग्रामसभेने पावसाळ्याआधीच वाटून द्यावेत. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणजे एकरी युरिया दोनशे रुपयांच्या आसपास पडतो. तेवढी तरतूद ग्रामपंचायतीला जड नाही.

राहिलेले जून गवतही जाळायचे कारण नाही. 100 किलो वाळलेल्या गवतावर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, तुडवून हवा काढावी आणि प्लॅस्टिकने 21 दिवस घट्ट झाकावे. कागद फाटका असेल तर अमोनिया निघून जातो आणि बुरशी धरते. उघडल्यावर उग्र वास जाईपर्यंत पसरून ठेवावे, सुरुवातीला थोडे थोडे द्यावे आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात घालू नये.

— चारा व पशुपोषण विषयातील कार्यकर्ते, सातारा जिल्हा